डोणीतली कुमुदिनी

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या वर्गाची सहल कास पठारावर गेली होती. पहाटे कोल्हापूरहून निघालेली गाडी साताऱ्यात चहाला थांबली, आणि घाट चढून वर पोचलो तेव्हा धुके नुकतेच विरळ होत होते. पठारावरची फुले पाहून झाल्यावर सरांनी आम्हांला जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्याकडे नेले. तळ्यावर हिरवी गोल पाने पसरलेली आणि पानांमधून बोटभर वर आलेली पांढरीशुभ्र फुले. पाच पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका आणि पाकळ्यांच्या अंगावर बारीक तंतूंची झालर. मैत्रिणी हरखून गेल्या. कुणी फोटो काढले, कुणाला कविता आठवल्या. मी मात्र गप्प उभी होते. हे फूल माझ्या ओळखीचे होते! आमच्या गावच्या तळ्यात म्हशी डुंबायला सोडत, तिथे हेच फूल होते. पाण्यातून वर येणाऱ्या म्हशीच्या शिंगाला त्याची पाने अडकलेली मी लहानपणी कितीतरी वेळा पाहिली होती. ते पाहायला आम्ही कधी तिकीट काढले नाही, आणि आमच्या गावात त्याला धड नावही नव्हते. 'पाण्यातलं फूल' म्हणत, झाले.

कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आले आणि आपल्या जिल्ह्यातले राधानगरीही आले. कासला कुंपण पडले, तिकीट लागले, दिवसाला किती माणसे सोडायची हेही ठरले. हे सारे योग्यच आहे. परंतु परतीच्या प्रवासात माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता, की जे फूल तिथे वारसा आहे ते आमच्या तळ्यात घाण कसे ठरले?

कारण आमच्या तळ्यात ते आता नाही. मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात तळ्याचे सुशोभीकरण झाले. पाणी उपसले, गाळ काढला, तीन बाजूंनी दगडी बांधणी केली, वर रंगीत फरशांची पायवाट, चार बाकडी आणि दिव्याचे खांब. पावसाळ्यात तळे भरले तेव्हा गाव खूश झाले. पाणी कसे ताटात वाढल्यासारखे स्वच्छ! मीही खूश झाले होते, हे कबूल केले पाहिजे. आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ते दगड बसवणाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली माझे वडील होते. दोन महिने रोजची हजेरी मिळाली. त्या पैशांतून माझा कॉलेजचा प्रवेश झाला आणि एस. टी.चा पास निघाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. ती पायरी त्याच दगडांची आहे, असे म्हटले तरी चालेल. म्हणून या विषयावर लिहिताना माझी लेखणी अडखळते.

सहलीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तळ्याला फेरी मारली. तिन्ही बाजूंना दगड थेट पाण्यात उतरलेला, एक पान नाही. चौथ्या, पूर्वेच्या बाजूला ओढ्याचे पाणी तळ्यात येते. तिथे निधी संपल्यामुळे काम राहिले होते. तिथल्या चिखलात लव्हाळा होता, बगळे होते, पण कुमुदिनी नव्हती. हिरमुसून घरी आले, तर ती परसात सापडली.

आमच्याकडे जुनी दगडी डोण आहे. म्हैस विकल्यापासून रिकामीच पडलेली. तिच्या बुडाला चीर गेली होती. आज्जीला रिकामी वस्तू पाहवत नाही. तळ्याचा गाळ निघाला तेव्हा तिने दोन पाट्या आणून डोणीच्या बुडात थापल्या, चीर बुजली, पावसाचे पाणी साठले आणि त्यात धुणी भिजू लागली. त्या पाण्यावर तीन गोल पाने तरंगत होती. गाळातून आलेला एखादा कंदाचा तुकडा असेल किंवा बी असेल. आज्जी म्हणाली, "उपटून टाकणार हुते, पर हात नाही झाला."

तेव्हापासून मी ती जोपासते आहे. यात विद्वत्ता काही नाही, चुकाच जास्त आहेत. त्या सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पहिली चूक शेणखताची. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला झाड दिसले की खत सुचते. मी दोन ओंजळी शेणखत टाकले. आठ दिवसांत पाणी हिरवेगार, मग वास, आणि पाने कडेने काळी पडून कुजली. पाण्यातल्या झाडाला गाळात असते तेवढे अन्न पुरते. वरून घातलेले शेवाळ खाते. मी सगळे पाणी काढले, साधी शेतातली काळी माती चार बोटे घातली, वर वाळूचा पातळ थर दिला, म्हणजे पाणी ओतताना माती ढवळत नाही. डोण ओढून उन्हात घेण्यासारखी वस्तू नव्हे, म्हणून तिच्यावर आलेली शेवग्याची फांदीच तोडली. पाच-सहा तास ऊन मिळाल्यावाचून कुमुदिनी फुलत नाही, नुसती पाने काढते. पाणी वीतभर ते हातभर पुरे. नळाचे पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग घालावे. मावा पडला तर फवारा मारू नये. पान दोन बोटांनी पाण्याखाली धरून हलवावे, मावा सुटून तरंगतो, तो वाटीने काढून टाकावा.

फवारा मारू नये, कारण पाण्यात मासे आहेत. त्याची कथा अशी. एके दिवशी गावात डासांची तपासणी करणाऱ्या ताई आल्या आणि डोण पाहून म्हणाल्या, "हे आधी ओता. कोरडा दिवस पाळायचा असतो, माहीत नाही का?" मी जागतिक वारसा वगैरे बोलू लागले. त्यांनी शांतपणे वाटीभर पाणी काढून मला त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. माझी बोलती बंद झाली. डेंग्यूने शेजारचा मुलगा आठ दिवस दवाखान्यात होता, तेव्हा त्यांचेच बरोबर होते. शेवटी त्यांनीच गप्पी मासे आणून दिले आणि डोण वाचली. मात्र हे मासे परदेशचे, ते तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नयेत. फूल देशी जपायचे आणि त्याच्या नावाखाली परका मासा ओढ्यात सोडायचा, हे बरे नव्हे.

कुमुदिनी वाढवणे फार सोपे आहे. तिचे फूल जमिनीतून वेगळा दांडा घेऊन येत नाही. पानाच्या खाली, देठाच्या वरच्या टोकालाच कळ्यांचा झुबका असतो. त्या जागेपासून दोन बोटे देठ ठेवून पान तोडले आणि ओल्या गाळावर टेकवले, की पंधरा-वीस दिवसांत तिथेच मुळे फुटतात. एका पानाचे एक रोप. तीन पानांवरून सुरुवात केलेल्या माझ्या डोणीत आषाढापर्यंत पाणी दिसेनासे झाले, इतकी ती माजली. तेव्हा विरळणीही करावी लागते. फूल एका दिवसाचे. सकाळी उमलते, दुपार कलली की मिटते आणि पाण्याखाली जाते. दुसऱ्या दिवशी त्याच झुबक्यातली दुसरी कळी वर येते.

इथे मराठीची विद्यार्थिनी म्हणून एक शंका. संस्कृत काव्यातली कुमुदिनी चंद्राला पाहून उमलते आणि सूर्य उगवला की मिटते. आमची तर नेमकी उलटी! ही काव्यातली कुमुदिनी नव्हेच. ती रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या कमळाच्या जातीची. ही वेगळ्या कुळातली, शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. आपण कवींचे नाव उचलून तिला दिले. नाव मिळाले हे चांगलेच झाले, निनावी माणसाची दखल कुणी घेत नाही. परंतु उसन्या नावाने आलेल्या पाहुण्याची खरी चौकशी व्हायची राहून जाते.

ही माहिती मला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या एका ताईंनी दिली. आम्ही एकाच एस. टी.ने येतो. शिवाजी विद्यापीठात दुर्मीळ झाडे जपण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. कासच्या उथळ डबक्यांत वाढणारा वायतुरा १९८२ साली नवी जात म्हणून जगापुढे आला. ते नाव देणाऱ्या तिघांपैकी डॉ. एस. आर. यादव पुढे याच विद्यापीठात होते. कोल्हापुरात राहून मला हे ठाऊक नव्हते. कला शाखा आणि शास्त्र शाखा यांच्यामध्ये एक बोळ असतो, तो ओलांडायला मला एस. टी. लागली.

त्याच ताईंनी माझ्या आनंदावर पाणीही ओतले. मी अभिमानाने सांगितले, की माझ्याकडे आता चाळीस रोपे आहेत, तळ्यातली गेली तरी बिघडत नाही. त्यांनी एक फूल मागवले, भिंगाखाली धरले आणि विचारले, "बी धरलंय का कधी?" नव्हते धरले. तेव्हा त्यांनी समजावले. या झाडाची फुले दोन तऱ्हेची असतात. काही झाडांच्या फुलांत मधली दांडी लांब आणि पुंकेसर आखूड, तर काहींत दांडी आखूड आणि पुंकेसर लांब. एका तऱ्हेचे पराग दुसऱ्या तऱ्हेच्या फुलाला लागले तरच बी नीट धरते. माझी चाळीस रोपे म्हणजे एकाच झाडाचे चाळीस तुकडे. सगळ्यांची दांडी आखूड. चाळीस घरांत एकच माणूस राहावा, तसे ते गाव होते.

तिथे माझे मत बदलले, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच. डोणीत मी फूल जगवू शकते, तळे जगवू शकत नाही. कुमुदिनीला हवा असतो तो काठ. जिथे जमीन हळूहळू पाण्यात उतरते, पावसाळ्यात मांडीभर पाणी असते, फाल्गुनात घोटाभर आणि वैशाखात नुसता ओला गाळ, ती वीस-पंचवीस पावलांची पट्टी. तिथेच तिची मुळे धरतात, बेडूक अंडी घालतात, टिटवी फिरते. आपण सुशोभीकरण म्हणतो तेव्हा नेमकी ही पट्टी पुसतो. उभा दगड आणि त्याला लागून एकदम पुरुषभर पाणी. मधले काही उरतच नाही. पाणी तेवढेच असते, कदाचित जास्तही असते, पण काठ गेलेला असतो.

दुसरा घोटाळा साफसफाईचा. पंचगंगेवर आणि रंकाळ्यावर पसरणारे केंदाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. ते दक्षिण अमेरिकेतून आलेले. ते काढलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण यंत्र पाण्यात उतरले की 'पाण्यावर हिरवे दिसले' एवढाच गुन्हा पुरतो. केंदाळाचा देठ फुगीर असतो आणि त्याची मुळे बहुधा पाण्यात लोंबतात. ते वाऱ्याबरोबर सरकत राहते. कुमुदिनीचा देठ दोरीसारखा, मुळे गाळात रोवलेली. ती जागची हलत नाही. हा फरक कळायला पदवी लागत नाही. सफाईच्या कामावर जाणाऱ्या माणसांना एकदा काठावर उभे करून दाखवले तरी पुरे. माझ्या वडिलांना मी दाखवला, त्यांना एका मिनिटात कळला.

कायद्याचा आधार शोधावा म्हणून ग्रंथालयात बसून पाहिले. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेली तळी त्यांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. नांदूर मध्यमेश्वर, लोणार, ठाण्याची खाडी यांना रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहे. पण आमचे तळे बांधलेले, म्हणजे ते पाणथळ नव्हेच! कुमुदिनीला हा फरक समजत नाही, ती दोन्हीकडे सारखीच उगवते.

आपले कोल्हापूर मुळात तळ्यांचे शहर. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ तळे. तळे बुजले, वेशीला नाव तेवढे राहिले, आणि जोराचा पाऊस झाला की मैदानात पाणी साचून तळे आपली जुनी जागा दाखवते. कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते. शहर वाढते तसे हे होते, मी त्यावर रडगाणे गात नाही. बुजवलेले तळे निदान बुजवले म्हणून सर्वांना दिसते. काठ मेलेले तळे मात्र भरलेले दिसते, संध्याकाळी दिव्यांत चमकतेसुद्धा, आणि म्हणून त्याची कुणाला हळहळ वाटत नाही.

गेल्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. राहिलेल्या पूर्व बाजूचे काम पुढच्या उन्हाळ्यात होणार असे कळले होते. मी म्हटले, ती एक बाजू तशीच मातीची उताराची ठेवा. मागून कुणीतरी म्हणाले, "पोरगी कॉलेजला गेली आणि चिखलाची वकील झाली." सभा हसली. मला लेखी अर्ज द्यायला सांगितले, तो मी दिला आहे. खरे उत्तर मला सभेत नव्हे, घरी मिळाले. आज्जी म्हणाली, "तुला फूल दिसतंय. मला त्या चिखलात घागर घेऊन घसरल्यालं दिसतंय. दोनदा पडले हुते मी. जळवा लागायच्या त्या येगळ्याच. पायऱ्या झाल्या, बायकांचे हाल सरले." याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पायऱ्या हव्यातच. तीन बाजूंच्या पायऱ्या आणि भिंती कुणी काढा म्हणत नाही. ओढा आत येतो त्या बाजूला धुणे धुवायला कुणी जात नाही. तिथला दगड कुणाच्या पायासाठी आहे, एवढेच मला विचारायचे आहे. आणि वडिलांची हजेरी? एक बाजू कमी म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी कमी. हा हिशेब फुलांवर लेख लिहिणाऱ्यांनी मांडायला हवा. दगड न बसवण्याचे पैसे कुणी देत नाही. माझ्या मते उतार नीट राखणे, केंदाळ वेचणे, वरून येणारी खडी अडवणे हेही कामच आहे आणि त्यालाही हजेरी लागली पाहिजे.

आपल्या कॉलेजपुरती एक सूचना. ग्रंथालयासमोर कारंजे बांधायचे अशी चर्चा ऐकू येते. त्याऐवजी एका बाजूने उतरता असा उथळ हौद बांधावा आणि त्यात आपापल्या गावच्या तळ्यातली झाडे लावावीत. डोणीतली रोपे द्यायला मी तयार आहे. फक्त कासहून कुणी काही उपटून आणू नये. सहलीत आमच्यातल्याच एकीने पिशवीत एक मूळ घातले होते; ते कोल्हापूरला पोचेपर्यंत वाळून गेले.

आषाढात मी पूर्वेच्या चिखलात पाच रोपे लावली. ती त्याच तळ्याची होती, म्हणून मनात किंतु नव्हता. दोन गुरांनी तुडवली, एक वाहून गेले, दोन लागली. दुसऱ्या तऱ्हेच्या फुलाच्या शोधात शेजारची तीन तळी पालथी घातली. एकाला चहूकडून दगड, दुसऱ्यात केंदाळ. तिसऱ्यात मात्र कुमुदिनी मिळाली. भिंग नव्हते, डोळ्यांजवळ धरून पाहिले, मधली दांडी लांब! तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारून एक पान घेतले. "एकच? आनि घे की," तो म्हणाला. ते एका पाटीत रुजले आहे, अजून फुललेले नाही.

परवा रविवारी वडील माझ्याबरोबर पूर्वेच्या काठावर आले. तळ्याचे पाणी ओसरू लागले होते. त्यांनी खिशातून लाइनदोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिले आणि चिखलात पाय घालत विचारले, "कुठनं कुठवर दगड नको म्हणतीस? नीट दाखव. मुकादमाला माप सांगाय लागंल." मी ओढ्याच्या तोंडापासून जुन्या करंजापर्यंत चालत गेले. दोरी तीनदा धरावी लागली.